शेवटच्या घराचा नळ

चैत्र सरत आला की सुरतेच्या डिंडोलीत दोन गोष्टी एकदम येतात. शाळेत वार्षिक परीक्षा आणि गल्लोगल्ली बांधाबांध. परीक्षेचं वेळापत्रक मी लावते, बांधाबांधीचं आखाजी लावते, आणि मराठी शाळेची मुख्याध्यापिका म्हणून दोन्हींच्या मध्ये मी सापडते. सातवीतली पोर गणिताच्या पेपरला बसलेली असते आणि तिचं सगळं लक्ष खिडकीबाहेर, रिक्षात कोंबल्या जाणाऱ्या पिशव्यांकडे. मग मी उठून खिडकी लावते. वर्गात घामाचा, शाईचा आणि कुणीतरी दप्तरात लपवून आणलेल्या कैरीचा वास कोंडतो. लांबून मागांची खटखट येत राहते. सुरतेत तीस वर्षं काढल्यावर ती कानाला लागेनाशी झाली आहे.

परवा अशीच खिडकी लावून वळले तर शिपाई टपाल घेऊन उभा. जाड गुळगुळीत कागद, वर निळ्या थेंबाचं चित्र. ‘शाश्वत जलव्यवस्थापनासाठी स्थानिक क्षमता-बांधणी, टप्पा दुसरा.’ खाली आठवडाभराच्या प्रशिक्षणाच्या तारखा आणि त्याखाली ठळक अक्षरांत अंतिम चाचणीची तारीख. मुख्याध्यापकांनी संमतीची सही करून पाठवावी ही विनंती. मी तारीख वाचली, भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे पाहिलं, पुन्हा तारीख वाचली. आखाजीचा दिवस. गेल्या वर्षीही तोच होता. मी ते टेबलावर आपटलं. शिपाई म्हणाला, “बाई, पाणी देऊ का?” तर मी त्याच्यावरच ओरडले. बिचाऱ्याची काही चूक नव्हती. नंतर मी त्याची माफी मागितली.

आखाजी म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, एवढंच मला सुरतेत येताना ठाऊक होतं. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे त्या दिवशी आमरस, जमलं तर गुंजभर सोनं आणि दुपारची गाढ झोप. माझे यजमान बँकेत, बदली होऊन इथे आलो, मी शाळेत लागले आणि राहूनच गेलो. खानदेशातल्या लोकांची आखाजी निराळी आहे, हे शेजाराने शिकवलं. तिकडे ती दिवाळीइतकी मोठी. सासरी गेलेली लेक आखाजीला माहेरी येणार म्हणजे येणारच. झाडाला झोका बांधला जाणार, सांजोऱ्या तळल्या जाणार. आणि घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं मातीची घागर पाण्यानं भरली जाणार. वर्षातून एकदा मेलेली माणसं तहानलेली येतात, त्यांना गार पाणी मिळालं पाहिजे, असा तो साधा हिशेब. पाण्याची एवढी जाण असलेल्या लोकांना पाण्याचं शहाणपण शिकवायला आपण निघालो होतो.

गेल्या वर्षीचा हंगाम फाल्गुनात सुरू झाला. तेव्हा तो मला फार गोड वाटला होता, हे आधी कबूल करते. आमच्या शाळेच्या मागे नव्या सोसायट्या झाल्या आहेत, बैठ्या घरांच्या ओळी. तिथे सगळं बोअरचं पाणी. जमिनीखाली टाकी, तिथून पंपानं वर, वरून गल्लीत. पाणी दिवसातून दोनदा, तासभर. तिथल्या बायकांना पाणी तपासायला शिकवायचं, त्यांतूनच एक गल्लीची पाणी-तपासनीस नेमायची, अशी बाहेरच्या एका संस्थेची ती योजना होती. मी लगेच हॉल दिला, सतरंज्या दिल्या, चहाची सोय केली. वीसेक बायका आल्या. बहुतेकींचे नवरे बमरोलीच्या नाहीतर पांडेसऱ्याच्या कारखान्यांत, बायका घरी बसून साड्यांचे धागे कापणाऱ्या. हातातली कात्री ठेवून थेट आलेल्या. त्यांच्या केसांवर, पदरावर रंगीत धाग्यांचे तुकडे चिकटलेले असत आणि त्या गेल्या की माझ्या हॉलमध्ये झाडू मारावा लागे.

त्यात इंदूबाई होत्या. पारोळ्याकडच्या, चौथीपर्यंत शिकलेल्या, सोसायटीच्या तिसऱ्या गल्लीत अगदी शेवटचं घर. त्यांच्या दाराशी पाण्याची नळी संपते आणि भिंतीपलीकडून गटार जातं. त्या प्रशिक्षणाला का आल्या ते त्यांनी पहिल्याच दिवशी उभं राहून सांगितलं. लेक ज्योती, लग्न होऊन धुळ्याला दिलेली, पहिलटकरीण होती. पावसाळ्यात बाळंतपणाला इथे येणार होती. “तिनाकरता माले पानी चांगलं पाहिजे,” त्या म्हणाल्या. एवढ्यासाठीच ती बाई महिनाभर रोज दुपारी तिथे बसली. कमाई बुडवून बसली.

शिकवायला आलेले सर तरुण होते, स्वभावानं वाईट नव्हते. लॅपटॉप आणत, भिंतीवर चित्रं दाखवत. कुठल्यातरी डोंगरातलं गाव, तिथली विहीर, तिथला बंधारा. हिंदीत बोलत, त्या हिंदीत दर तिसरा शब्द इंग्रजी. समोर बसलेल्या बायकांनी विहीर पाहिली होती ती माहेरी. इथे त्यांची गाठ पंपाशी, टाकीशी, उतरत चाललेल्या बोअरशी आणि पंप चालवणाऱ्याच्या लहरीशी. याला आमच्याकडे उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात. पण मी मागे खुर्चीत बसून मान डोलवत होते. चित्रं छान होती.

एका दुपारी इंदूबाईंनी हात वर केला. “सर, पंप बंद व्हयना का पाइप उलटा ओढस. मंग भिताडबाहेरनं गटारनं पानी कोठे जाई?” सरांना कळेना. मी हिंदीत सांगितलं. पाणी बंद झालं की रिकामी नळी बाहेरची घाण आत ओढून घेते, असं त्या म्हणताहेत. सर म्हणाले, हो, हे बरोबर आहे, पण ते पुढच्या मॉड्यूलमध्ये आहे. पुढचं मॉड्यूल कधी आलंच नाही. इंदूबाई मात्र खाली बसताना शेजारणीला म्हणाल्या, म्हणजे पाणी नेहमी शेवटच्या घराचं तपासायचं, पहिल्याचं नाही. त्या महिन्यातलं सर्वांत मोठं वाक्य ते होतं. सरांच्या चित्रांत ते कुठेच नव्हतं.

मग पेटी आली. आत थेंबांच्या बाटल्या, काचेच्या नळ्या, आणि छोट्या छोट्या बाटल्या ज्यांच्यात पाणी भरून दोन दिवस उबेला ठेवायचं. पाणी खराब असेल तर ते काळं होतं. इंदूबाईंनी पहिल्या दिवशी जवळच्या तळ्यावरचं पाणी आणलं. बाटली गोधडीत गुंडाळून, ज्वारीच्या डब्यामागे ठेवली. तिसऱ्या दिवशी ती काळीकुट्ट बाटली दोन बोटांत धरून त्या हॉलमध्ये आल्या तेव्हा सगळ्या बायका उठून भोवती गोळा झाल्या. डोळ्यांना नितळ दिसणारं पाणी. मला तो क्षण अजून स्वच्छ आठवतो. शिक्षकाच्या आयुष्यात असे दिवस फार थोडे येतात, आणि त्या दिवशी शिकवणारी मी नव्हते, सरही नव्हते.

शेवटी परीक्षेची तारीख ठरवायची होती. संस्थेचा फॉर्म आला. ‘शाळेच्या सोयीची तारीख लिहा.’ मी हॉलची वही काढली. वैशाखाच्या सुरुवातीच्या त्या आठवड्यात हॉल मोकळा होता. दर वर्षी त्या आठवड्यात तो मोकळाच असतो. मी तारीख लिहिली आणि सही केली.

हॉल का मोकळा असतो, हा प्रश्न मला पडला नाही. आता स्वतःलाच सांगते, बाई, तो मोकळा असतो कारण सगळे गावी गेलेले असतात. तीस वर्षं मी हजेरीपटावर त्या आठवड्यात लाल शाईनं ‘गैरहजर, गैरहजर’ लिहीत आले आहे. माझ्याच अक्षरात, माझ्याच कपाटात तीस वर्षांची आखाजी पडून आहे. ती मला दिसली नाही. दुसऱ्यांना दिसली नाही म्हणून मी आज आरडाओरडा करते आहे, पण पहिला दगड माझ्याच अंगणात पडतो.

इंदूबाई दुसऱ्या दिवशी ऑफिसात आल्या. “बाई, त्या दिनले तर आखाजी शे.”

मी म्हटलं, “अहो, एका सकाळचा प्रश्न आहे. परीक्षा द्या आणि दुपारच्या गाडीनं निघा.”

“आखाजीले कोन आठे ऱ्हास, बाई? अंडेर येस ना मन्ही.” आठे म्हणजे इथे, अंडेर म्हणजे लेक. ज्योती धुळ्याहून पारोळ्याला येणार, पोटुशी लेक पहिल्यांदा आखाजीला माहेरी येणार, आणि आई सुरतेत पेपर लिहीत बसणार. त्या वाक्याचं वजन मला कळायला हवं होतं. मी म्हटलं, “तारीख वर गेली आहे. आता बदलत नाही.” तारीख वर गेली आहे. जशी काही ती देवाकडे गेली होती.

त्या सकाळी हॉलमध्ये तीन बायका आल्या. दोघी आमच्या सातारा-सांगलीकडच्या, एक नागपूरची. खानदेशातली एकही नाही. बाहेर गल्ल्यांना कुलपं लागलेली, ओट्यांवर मांजरं झोपलेली, कुठेतरी एकाच कारखान्यात मोजके माग चाललेले. सरांनी घड्याळ पाहिलं, तिघींपुरती परीक्षा घेता येणार नाही म्हणून लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, “मैडम, हमने तो पूरी कोशिश की, पर कम्युनिटी में ओनरशिप नहीं है।” लोकांना हे काम आपलं वाटत नाही, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना चहा दिला. तेव्हासुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मीही मनात म्हटलं, या लोकांसाठी कितीही करा, पालथ्या घड्यावर पाणी. हे मी म्हटलं होतं. खोटं कशाला लिहू?

मग कागद हलले. सोसायटीच्या एकाही बाईला प्रमाणपत्र नाही, सबब स्थानिक तपासनीस नेमता येत नाही, सबब तपासणीचं काम बाहेरच्या एजन्सीकडे. महिन्यातून एकदा एक माणूस मोटरसायकलवर येई. फाटकातून आत शिरलं की पहिलीच पंपाची खोली, तिथल्या नळाची एक बाटली भरे आणि जाई. गाडीचं इंजिनही बंद करत नसे. पेटी माझ्या शाळेच्या कपाटात आली, कारण ती प्रमाणित व्यक्तीनंच वापरायची असा नियम होता. कपाटाची चावी माझ्या जुडग्यात. क्षमता बांधायची म्हणे. त्या बाईची क्षमता आधीच उभी होती. आम्ही सगळ्यांनी मिळून तिला कुलूप घातलं, आणि ते कुलूप माझ्या कमरेला लटकत होतं.

पाऊस आला. सुरतेचा पाऊस उकाडा नेत नाही, नुसता ओला करतो. त्यात सोसायटीनं तिसऱ्या गल्लीत गटाराची नवी लाइन टाकायला खणायला घेतलं होतं, खड्डे तसेच राहिले. चिखल, डबकी, ओल्या साड्यांच्या गठ्ठ्यांचा कुबट वास. आषाढात ज्योती आली. सातवा महिना, बांगड्यांनी भरलेले हात, पायांना सूज. शाळेत मला भेटायला आली होती. माझीच जुनी विद्यार्थिनी. पाचवीत पाढे चुकली की ती डोळे मिटून पहिल्यापासून म्हणायची. मी तिच्या हातावर पेढा ठेवला.

त्याच आठवड्यात इंदूबाई आल्या. दारातच उभ्या राहिल्या, चपला चिखलानं भरलेल्या म्हणून आत येईनात. नळाच्या पाण्याला वास येतो आहे, पहिली दोन भांडी तर येतोच, असं त्यांनी सांगितलं. ज्योतीसाठी त्या पहिल्या गल्लीतल्या ओळखीच्या घरून हंडा आणत होत्या, पण गल्लीतल्या बाकीच्यांचं काय? नुसतं सांगून कुणी ऐकत नव्हतं. पाणी तर नितळ दिसतंय, म्हणत होते. काळी बाटली दाखवली तर ऐकतील. “बाई, चावी तुमनाजोडे शे. एकदाव द्या. एकच बाटली.”

माझ्या हाताला ते जुडगं लागत होतं. आणि मी म्हटलं, “नियम नाही, इंदूबाई. उद्या काही झालं तर शाळेवर येईल. मी लेखी तक्रार करते.” मला वाटलं होतं मी फार जबाबदारीनं वागते आहे. आयुष्यभर मी मुलांना सांगत आले, नियम पाळा. नियम कुणी केला आहे आणि कुणाला त्याचा ताप होणार आहे, हे विचारायला मी त्यांना कधी शिकवलं नाही. मलाच येत नव्हतं.

तक्रार केली. आठ दिवसांत उत्तर आलं, आणि त्या तत्परतेचं मला कौतुकही वाटलं. एजन्सीनं खास येऊन नमुना नेला होता. अहवाल जोडला होता. सगळे आकडे ठरलेल्या मर्यादेत, पाणी पिण्यास योग्य. सोसायटीचे चेअरमन, कामरेजकडचे एक पटेल, आता काळजी कसली असं म्हणत स्वतः शाळेत आले. “बेन, रिपोर्ट तो एकदम सारो छे. हवे शेनी चिंता?” मी तो कागद घेऊन तिसऱ्या गल्लीत गेले. ओट्यावर उभं राहून, वर्गात वाचावा तसा मोठ्यानं मराठीत वाचून दाखवला. बायकांच्या चेहऱ्यांवरचा ताण उतरताना मी डोळ्यांनी पाहिला. मोठ्या बाईंनी वाचलं आहे म्हणजे खरंच असणार.

सगळ्यांत मागून इंदूबाईंनी विचारलं, “कोनता नळनं पानी लई ग्यात?”

मला माहीत नव्हतं. मी कागद उलटून पाहिला, तिथेही नव्हतं. मी म्हटलं, “अहो, प्रयोगशाळेनं तपासलं आहे. नळ कुठला का असेना.” महिनाभर मी त्यांच्याच वर्गात मागे बसले होते, तो प्रश्न त्यांनी माझ्यासमोर शोधून काढला होता, आणि मी तो असा हातानं झटकला. मला ओट्यावरून उतरायला त्यांनी हात दिला, कारण खाली चिखल होता.

दुसऱ्या दिवसापासून ज्योती आईला म्हणायला लागली, आता कशाला लांबून हंडा उचलतेस, बाईंनी सांगितलं ना. दोन दिवस इंदूबाई ऐकल्या नाहीत. तिसऱ्या दिवसापासून त्यांनी पहिल्या गल्लीतून पाणी आणणं बंद केलं. हे मला त्यांनी कधीच सांगितलं नाही. शेजारणीकडून कळलं, फार नंतर.

श्रावणात तिसऱ्या गल्लीत कावीळ आली. आधी दोन मुलं, मग कुणाचा नवरा, मग ज्योती. तिच्या डोळ्यांतला पिवळा रंग पाहिला तेव्हा मला उगाचच पेटीतल्या थेंबांचा रंग आठवला. मोठ्यांची कावीळ महिन्याभरात उतरते. पोटुशीची तशी नसते, हे दवाखान्यातल्या डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये उभ्या-उभ्या सांगितलं. हे पाण्यातून आलं आहे, तेही सांगितलं. एका वाक्यात, दुसऱ्या पेशंटकडे जाता जाता. ज्योती वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती.

नंतर सगळं झालं. एजन्सीचा माणूस गाडीचं इंजिन बंद करून आत आला. शेवटच्या घराच्या नळाची बाटली भरली, ती दोन दिवसांत काळी झाली. भिंतीपाशी खणल्यावर फुटलेली नळी सापडली, नेमकी तिथेच, जिथे पंप बंद झाल्यावर ती उलटं ओढते असं एका चौथी शिकलेल्या बाईनं फाल्गुनात सांगितलं होतं. नळी बदलली. चेअरमननी नारळ फोडला. बैल गेला आणि झोपा केला. मी भाद्रपदात संस्थेला चार पानांचं पत्र लिहिलं, झालेलं सगळं, माझ्या चुकांसकट. उत्तर आलं, ‘आपल्या अमूल्य सूचनांबद्दल आभार.’ सरांची बदली झाली होती, आणि नव्या माणसाचं नाव खाली छापलेलं होतं.

लोक मला म्हणतात, बाई, तुम्ही फार चिडता हल्ली, रक्तदाब सांभाळा. मी का सांभाळू? इतकी वर्षं सांभाळलाच. सभांमध्ये मान डोलवली, गुळगुळीत कागदांवर सह्या केल्या, बाहेरून आलेल्या प्रत्येक माणसाला खुर्ची दिली आणि इथल्या माणसाला दारात उभं केलं. शिकवणारे सुटकेस घेऊन येतात, सुटकेस घेऊन जातात, मागे उरतात फोटो. फोटोत आमच्या बायका हात जोडून उभ्या असतात. ज्याचं जळतं त्याला कळतं, हे आमच्या भाषेत केव्हाचं लिहून ठेवलं आहे, पण ज्याला कळतं त्याच्या हाती चावी द्यायची कुणाची तयारी नाही. माझीही नव्हती. मला राग येतो तो या निळ्या थेंबाचा, त्या मोटरसायकलचा, नियम लिहिणाऱ्यांचा, आणि आरशात पाहिलं की पुन्हा येतो.

परवाचं ते पत्र मी पूर्ण वाचलं. तारखेच्या खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती. ‘सदर तारीख आपल्या शाळेने गतवर्षी कळवलेल्या सोयीनुसार, आखाजीच्या सुट्टीच्या दिवशी निश्चित केली आहे.’ म्हणजे माझी चार पानं त्यांनी अर्धवटच वाचली होती. आखाजी हा शब्द त्यातूनच उचलला होता, आणि ती सुट्टी आहे एवढंच त्यांना त्यातून कळलं होतं. माझी एका ओळीची चूक मात्र जपून ठेवली होती. गणिताचा पेपर सुटल्याची घंटा झाली, मुलं ओरडत पायऱ्या उतरली. मी पत्र पर्समध्ये टाकलं, कपाट उघडून पेटी काढली आणि रिक्षा केली. इतक्या महिन्यांत मी तिसऱ्या गल्लीत गेले नव्हते. शाळेपासून ती चालत दहा मिनिटांवर आहे.

गल्लीत बांधाबांध चालू होती. इंदूबाई ओट्यावर बसून सांजोरीचं सारण भाजण्यासाठी रवा निवडत होत्या. गावाला जायच्या आधी थोडं इथेच करून न्यायचं होतं. मला पाहून उठल्या, सतरंजी टाकली. ज्योती आखाजीला पारोळ्याला येणार आहे का, हे विचारायचं धाडस मला होईना. त्यांनीच सांगितलं, येणार आहे. आतल्या कोपऱ्यात नव्या घागरी ठेवल्या होत्या, सासऱ्यांची एक, सासूची एक. त्यांच्या बाजूला एक लहानगं मातीचं मडकं होतं, मुलं भातुकलीला घेतात तेवढं. जे जगात आलंच नाही त्याच्या नावानं घागर भरायची रीत नाही.

मी पेटी त्यांच्यापुढे ठेवली, चावीसकट. त्यांनी झाकण उघडलं, एक बाटली उचलून उजेडात धरली आणि तळाशी छापलेली तारीख अक्षर अक्षर लावत वाचली. मुदत फाल्गुनातच संपलेली. बाटली त्यांनी परत जागेवर ठेवली, अगदी हळू, आणि झाकण लावलं. मी पत्र काढलं. यंदा पुन्हा प्रशिक्षण आहे म्हटलं, आणि ती तारीख मी खोडणार आहे, आणि शिकवणाऱ्याच्या जागी तुमचं नाव लिहिणार आहे. संस्थेला चालत नसेल तर हॉल मिळणार नाही. माझा आवाज चढला होता. शेजारच्या दारातून दोघी बघायला लागल्या.

“आखाजी व्हई जाऊ द्या,” इंदूबाई म्हणाल्या. “बठ्ठा लोके परत येतीन. मंग तारीख मी सांगसू.” मग म्हणाल्या, “आन परीक्षा मी देनार नई. मी घेसू.”

मी पत्राच्या पाठीवर ते लिहून घेतलं. लिहीपर्यंत त्या आत गेल्या आणि पाण्याचा पेला घेऊन आल्या, कुणाच्याही घरी येतो तसा, खाली ताटली धरून. मी कडक उन्हातून आले होते, घसा कोरडा पडला होता. मी पेला घेतला. पाणी नितळ होतं. त्या समोर उभ्या होत्या आणि माझ्याकडे पाहत होत्या, आणि ताटली काही खाली ठेवत नव्हत्या. तेव्हा कुठे मला कळलं की परीक्षा सुरू झाली आहे.

पेला ओठांपासून खाली घेतला आणि मी विचारलं, “कुठल्या नळाचं?”

“आपलाच. शेवटला,” त्या म्हणाल्या. “उकाळेल शे. तरी इचारनं पडस, बाई.”

मग त्यांनी ताटली खाली ठेवली, आणि मी पाणी प्याले.